क्विल्टीच्या तसबिरीतलं लेकरू

“माझ्या नवऱ्याला फाशी होणार आहे, आणि त्यानं खून केलेला नाही.” खुर्चीत बसायच्या आधीच त्या बाईने सांगून टाकलं.

“दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात,” मॅकगर्कबाई म्हणाल्या. “बसा, पाणी घ्या. पहिल्यापासून सांगा आणि रडायचं असेल तर शेवटी रडा.”

कोपऱ्यात सार्जंट पिम चुळबुळला. पोलिसातून निवृत्त झाल्यावर त्याने मेलबर्नच्या या खाजगी तपास करणाऱ्या विधवेकडे नोकरी धरली होती. पण बाईंच्या जिभेची सवय त्याला अजून झालेली नव्हती.

आलेल्या बाईचं नाव सबीना क्विल्टी. तिचा नवरा डॉमिनिक हा कोरॉइटच्या मायल्स क्विल्टीचा पुतण्या. त्या नावासरशी पिमने मान वर केली. मेलबर्नच्या पश्चिमेकडल्या किनाऱ्यावर बटाटा, कांदा, बिअर, काहीही विकायचं तर क्विल्टीला विचारावं लागे. आयर्लंडच्या दुष्काळातून तो अनवाणी आला, आणि पुढे ज्यांच्या पायात बूट दिसले त्यांचे काढून घेतले, असं लोक म्हणत. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं खरं, पण क्विल्टी मेल्यावर त्याच्याबद्दल चमचाभर गोड बोलायलाही कोणी पुढे आलं नव्हतं.

“शनिवारी दुपारी कुणीतरी काकांच्या मानेत सुरी खुपसली,” सबीना म्हणाली. “कांद्याची पात छाटायची आकडी सुरी. ती आमच्या गाडीत सापडली. आणि काकांच्या तसबिरीतली मुलगी कापून नेलीय.”

“कुठली मुलगी?”

“त्यांचीच. हरवलेली.”

क्विल्टी या देशात उतरला त्या वर्षी जहाजावरच्या एका चिताऱ्याने त्याची तसबीर काढली होती. शेजारी त्याचं एकुलतं लेकरू उभं होतं. लेकराची आई वाटेत समुद्रातच गेली होती. पुढच्या उन्हाळ्यात लेकरू रानात गेलं ते परत आलंच नाही. क्विल्टीने तसबीर बटाट्याच्या गोदामात पोत्यांमागे टाकली आणि त्या लेकराचं नाव पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या कुणी काढलं तर त्याची नोकरी जाई. यंदा सेंट पॅट्रिकच्या सणाला गावच्या सभागृहात या थोर माणसाची तसबीर लावायचं ठरलं. नवी काढायची तर खर्च, म्हणून म्हाताऱ्याने जुनी बाहेर काढली. वर्तमानपत्रवाला ती पाहून गेला आणि त्याने छापलं: लाल परकरातली अनवाणी गोड कन्या, नुकतेच आलेले पुढचे दोन मोठे दात, हातात काठी आणि खांद्यावर पित्याचा हात.

“ते वाचून काका हसले,” सबीना म्हणाली. “अगदी ठसका लागेपर्यंत हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, आम्हाला कळेना.”

“आणि मग ती मुलगी उगवली.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“श्रीमंताची हरवलेली मुलगी छापून आली की ती उगवतेच. पुढं सांगा.”

आता चाळिशीला टेकलेली ती बाई. नाव डेलिया. मेंढ्या हाकणाऱ्यांना मी रानात सापडले, लाल परकर आणि समुद्र एवढंच आठवतं, असं म्हणाली. क्विल्टीने तिला तसबिरीखाली उभं केलं, कंदील वर धरला, एकदा चित्राकडे आणि एकदा तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, “हिचं ताट वाढा.” दुसऱ्या दिवशी त्याने पेटीतून मेलेल्या बायकोची शाल काढून तिच्या अंगावर टाकली.

“डॉमिनिकचा वारसा गेला,” सबीना म्हणाली. “तो गुत्त्यात चारचौघांत बोलला, ती तसबीर चुलीत घातली पाहिजे म्हणून. आता सांगा, कोण त्याचं ऐकणार?”

मग मात्र तिला रडू आवरेना. बाईंनी तिला रडू दिलं आणि पिमला प्रवासाच्या तयारीला लावलं.

कोरॉइटच्या काळ्या जमिनीत कांद्याची काढणी चालू होती. क्विल्टीच्या शेताच्या कडेला, आयर्लंडच्या पश्चिम टोकावरून नव्याने आलेल्या मजुरांच्या झोपड्या होत्या. त्यांच्यातल्या बायकांना इंग्रजी येत नव्हतं आणि पुरुषांना शिव्यांपुरतं येत होतं. झोपड्यांसमोर पोरं लाल लोकरी परकर खोचून काठ्यांनी चेंडू बडवत होती. एकाएकी दोघांची जुंपली आणि दोन्ही परकर मातीत लोळू लागले.

“काय आडदांड मुली!” पिम म्हणाला. “आणि सगळ्या मुलीच. एवढ्या वस्तीत मुलगा म्हणून एक नाही. बापांनी हुंडे कुठून आणायचे?”

मॅकगर्कबाईंनी घोडागाडी थांबवायला सांगितली आणि त्या पोरांकडे पाहत राहिल्या.

“सार्जंट, तुमचा जन्म मेलबर्नचा ना?”

“हो.”

“माझा डब्लिनचा. आपण दोघंही शहरी अडाणी. चला.”

क्विल्टीच्या जेवणघरात इन्स्पेक्टर ग्रिंडली त्यांची वाटच पाहत होता. एका विधवेने आपल्या कामात नाक खुपसावं हे त्याला आवडलं नव्हतं, पण डॉमिनिकच्या वकिलाची चिठ्ठी होती म्हणून त्याने त्यांना आत घेतलं.

तसबीर भिंतीवर होती. तरणा क्विल्टी, मागून आणलेला अंगरखा, करारी जबडा. त्याचा उजवा हात पुढे आला होता आणि त्या हाताखाली काहीच नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत सगळं लेकरू कापून नेलं होतं. मागच्या भिंतीचा चुना दिसत होता. पिमला तो हवेत राहिलेला हात बघवेना.

“चेहऱ्यापुरतं कापलं असतं तरी भागलं असतं,” बाई म्हणाल्या. “साम्य शोधायचं ते चेहऱ्यात.”

“रागाच्या भरात माणूस असा हिशोब करतो का?”

“राग? कडा बघा, इन्स्पेक्टर. शिंपी कापतो असं. म्हाताऱ्याच्या खिशात काय सापडलं?”

“घड्याळ, तपकिरीची डबी, जपमाळ आणि हिरव्या रेशमी फितीचा तुकडा. सण आलाय ना. सणाला सगळं गाव हिरव्यात नटतं.”

“तो तुकडा मला द्या.”

ग्रिंडलीने खांदे उडवले आणि दिला.

घर सांभाळणाऱ्या मिसेस ब्रॉफी आयर्लंडमधल्या टिपरेरीकडच्या. दुःखापेक्षा त्यांना आपली नोकरी जाण्याची चिंता जास्त होती.

“फीत माझीच हो! शुक्रवारी मालकांनी मागून घेतली. या माणसानं जन्मात कधी सणाला फीत लावली नव्हती. म्हटलं, घोड्याच्या कपाळाला बांधायची असेल.”

“डेलियाबाईंशी मालक कसे वागायचे?”

“जसे सगळ्यांशी, तसेच. येता जाता टोचून बोलायचे. ‘काय गं, रानातली कांगारू, चहा देतेस का?’ पण चहा तिच्याच हातचा लागायचा. माझा चहा पंचवीस वर्षं प्यायले आणि शेवटी म्हणे, गढूळ लागतो!”

“आणि त्या?”

“जीव टाकायची त्यांच्यावर. खरं की खोटं, देव जाणे. गरिबांवरही माया. दर गुरुवारी त्या झोपड्यांवर पाव वाटायला जायची. या गुरुवारी उन्हातून आली ती पांढरीफटक होऊन. जेवलीसुद्धा नाही. मी लिंबाचं सरबत नेलं तर दार उघडलं नाही.”

“शनिवारी दुपारी तुम्ही कुठं होता?”

“देवळात, फुलं लावायला. डॉमिनिक येऊन भांडून गेला म्हणे, मी नव्हते. आले तेव्हा मालक त्या खुर्चीत, तोंड तसबिरीकडे...” मिसेस ब्रॉफींनी क्रूसाची खूण केली. “बसल्या जागेवरून उठलेसुद्धा नव्हते.”

डेलिया काळ्या कपड्यांत खिडकीपाशी बसली होती. चेहरा रापलेला, हात कष्टाचे. रडून तिचे डोळे सुजले होते आणि ते रडणं खोटं वाटत नव्हतं. पिमला तिची कणव आली.

“दुपारभर मी खोलीत पडून होते,” ती म्हणाली. “डॉमिनिकचा आरडाओरडा ऐकला. मग त्याची गाडी कुंपणाशी बराच वेळ उभी होती. आमच्या बाबांनी त्याला लहानाचं मोठं केलं, आणि कुंपणानंच शेत खाल्लं.”

“जुनी चित्रं दुरुस्त करणारा तो लंट शनिवारी संध्याकाळी इथं यायचा होता, असं इन्स्पेक्टर म्हणाले. तुम्हाला माहीत होतं?”

तिने क्षणभर हातातल्या रुमालाकडे पाहिलं. “हो. शुक्रवारी जेवताना बाबा म्हणाले. पोरीच्या चित्राचं काहीतरी काम आहे म्हणाले.”

“काय काम?”

“ते नाही सांगितलं. नुसते हसले.”

“सणाच्या दिवशी तसबीर बघायला कोण कोण येणार होतं?”

“सगळा गाव येतो. मिरवणुकीनंतर चहा असतो ना. झोपडीवालेसुद्धा येतात.” शेवटचे शब्द ती जरा घाईने बोलली.

चौकीतला डॉमिनिक काकाचीच प्रतिकृती निघाला, जबड्यासकट. त्याने बाईंना बसा म्हटलं नाही.

“भांडलो, हो. कांद्याचं रान माझ्या नावावर कर म्हणालो. तर थेरडा म्हणतो, ‘सणापर्यंत थांब, गावासमोर सांगतो माझं कोण आणि कुणाचं काय.’ मी सरळ गुत्त्यात गेलो. गाडी तिथंच कुंपणाशी राहिली. सुरी कुणीही टाकावी तीत.”

“तसबिरीतलं लेकरू आठवतं? कसं होतं?”

“कसं म्हणजे? परकरातली मुलगी. मुलीसारखी मुलगी. मला सोडवायला आलात की चित्रकला शिकायला? मी बाहेर पडलो की आधी त्या झोपड्या उठवणार आहे, सांगून ठेवतो.”

“सबीनासाठी मला वाईट वाटतं,” बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. “हा निर्दोष आहे.”

“पण त्याला तर फायदा होता!” पिम म्हणाला. “चित्र गेलं की डेलियाचा पुरावा गेला.”

“पुरावा कशाचा, ते आधी ठरवू.”

राहिला एझ्रा लंट. वॉर्नम्बूलच्या बाजारपेठेत चौकटी करणारा आणि जुनी चित्रं दुरुस्त करणारा भाबडा माणूस. तो कोरॉइटच्या खाणावळीत अडकून पडला होता आणि आपली मजुरी कोण देणार ते विचारत होता.

“गुरुवारी बाजारात भेटले क्विल्टीसाहेब. म्हणाले, ‘लेकराच्या डोक्याशी नाजूक काम आहे, बाकी तिथं आल्यावर सांगेन. हिरवा रंग घेऊन ये, आणि तोंड बंद ठेव.’ मला नवल वाटलं. तसबीर मी आधी पाहिली होती, हिरवं त्यात काहीच नव्हतं.”

बाईंनी त्याला सकाळी रंगपेटी घेऊन क्विल्टीच्या घरी यायला सांगितलं. मग त्या एकट्याच झोपड्यांकडे गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या बुटांना काळी माती होती आणि चेहऱ्यावर असं काही होतं की पिमने प्रश्न विचारायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणघरात सगळे जमले. बेड्या घातलेला डॉमिनिक, त्याच्याशेजारी सबीना, दाराशी मिसेस ब्रॉफी, शाल गुंडाळून बसलेली डेलिया आणि मांडीवर पेटी घेतलेला लंट. भिंतीपाशी झोपडीतली एक बाई लाल परकरातल्या लेकराचा हात धरून उभी होती. ती दोघं आत येताच डेलियाने तोंड फिरवलं.

“बाळ,” मॅकगर्कबाईंनी विचारलं, “नाव काय तुझं?”

“कोलम.”

“कोलम?” पिम म्हणाला. “मुलीचं नाव कोलम?”

लेकराने त्याच्याकडे असं पाहिलं की पिम ओशाळला. “मी मुलगा आहे,” ते म्हणालं. “तुम्हीच मुलगी.”

पहिल्यांदा हसल्या त्या मिसेस ब्रॉफी. त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला.

“यांच्या किनाऱ्यावर बारा-बारा वर्षांचे होईपर्यंत मुलगे परकर नेसतात,” बाई म्हणाल्या. “दृष्ट लागू नये म्हणून. डोंगरातल्या पऱ्या मुलगे पळवतात, मुलींना हात लावत नाहीत, असा समज. तिथं हे सगळ्यांना ठाऊक. टिपरेरीत नाही, डब्लिनमध्ये नाही, आणि इथल्या वर्तमानपत्रात तर नाहीच नाही. क्विल्टी कुठला, मिसेस ब्रॉफी?”

“मी शहरातला, असं म्हणायचे. पण ताप चढला की यांच्याच भाषेत बरळायचे.”

“तसबिरीतल्या लेकराला दुधाचे दात पडून नवे आले होते, म्हणजे ते तान्हं नव्हतं. लाल परकर, अनवाणी पाय, आणि हातात काठी. काल तशाच काठ्यांनी चेंडू बडवणारे बारा मुलगे मी पाहिले. इन्स्पेक्टर, क्विल्टीचा मुलगा हरवला होता. त्याला मुलगी कधी नव्हतीच.”

डॉमिनिक अर्धवट उठला, हवालदाराने त्याला खाली बसवलं.

“आता उलटा विचार करा. डॉमिनिकच्या लेखी चित्रात मुलगी होती. त्याला साम्य पुसायचं असतं तर चेहरा कापून भागलं असतं. पण ज्यानं कापलं त्याला परकर नको होता, काठी नको होती, काहीच नको होतं. सणाला झोपडीवाले येणार, चित्राकडे बघून ‘काय गोड मुलगा’ म्हणणार, ही भीती कुणाला? गुरुवारी त्या वस्तीत जाऊन कोण पांढरं पडलं? उन्हात परकर वर करून भिंतीशी उभं राहिलेलं एखादं पोर पाहिलं असेल तुम्ही, डेलिया. तेवढ्यानं कळतं.”

“मला ऊन लागलं होतं,” डेलिया म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. “मुलगा असेल, मुलगी असेल. मला आठवत नाही म्हणून मी आधीच सांगितलंय. मी चुकीच्या बापाकडे आले असेन. म्हणून मी खुनी?”

ग्रिंडलीने मान हलवली. “बाई, हा तर्क झाला. यावर कोर्ट कुणाला लटकवणार नाही. आणि एक सांगा, म्हाताऱ्याला हे कसं नाही कळलं?”

“मी याच प्रश्नाची वाट बघत होते,” मॅकगर्कबाई म्हणाल्या. “आपल्याला मुलगा होता की मुलगी, हे बापाला कळत नाही होय? तो वर्तमानपत्र वाचून का हसला? पहिल्या रात्री त्यानं कंदील वर धरला तेव्हाच त्याला ही बाई खोटी असल्याचं ठाऊक होतं.”

इतका वेळ हे पिमच्या ध्यानात आलं नव्हतं. डेलियाच्याही आलं नसावं. तिचा हात शालीवर थांबला होता.

बाईंनी हिरवी फीत काढून टेबलावर ठेवली.

“ताट वाढायला त्यानं सांगितलं ते ठाऊक असून. बायकोची शाल दिली ती ठाऊक असून. झोपडीवाले तसबीर बघतील, हे तुमच्याआधी त्याला सुचलं होतं. लंट, लेकराच्या डोक्याशी काय काम असेल? कशाला हिरवा रंग?”

लंटने फितीकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. “फीत! केसांत फीत रंगवायची असणार! म्हणजे मग...”

“म्हणजे मग मुलगा मुलगी झाला असता,” बाई म्हणाल्या. “सणाच्या दिवशी गावासमोर तो तुम्हाला आपली म्हणणार होता, डेलिया. त्याला कुणी आडवं येऊ नये म्हणून त्यानं मेलेल्या पोराच्या चित्रालाही हात लावायचं ठरवलं होतं.”

“खोटं!” डेलिया ओरडली. “साफ खोटं! तो मला हाकलणार होता. मांजर उंदराला खेळवतं तसा खेळवत होता. जेवताना म्हणाला, लंटला बोलावलंय, चित्राचा सोक्षमोक्ष लावतो, आणि हसला! मी मागं उभी राहिले तेव्हाही हसला. ‘कांगारू, चहा आण,’ म्हणाला. मला वाटलं, आता सगळ्या गावासमोर...”

ती थांबली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पिमने जन्मभर चोर पाहिले होते, पण कबुली देताना एवढं उद्ध्वस्त झालेलं माणूस पाहिलं नव्हतं.

कापलेला तुकडा तिच्या उशीच्या अभ्र्यात निघाला. जाळवला नाही, म्हणाली, तो डोळ्यांत बघत होता. हवालदाराने तो टेबलावर उलगडला. झोपडीतली बाई वाकून पाहून हसली आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलली.

“आई म्हणते, छान मुलगा आहे,” कोलम म्हणाला.

डॉमिनिकच्या बेड्या निघाल्या. सबीनाने त्याला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून त्याने झोपडीतल्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाला, “सोमवारपर्यंत जागा खाली करा.” तिला इंग्रजी येत नव्हतं, ती त्याच्याकडेही बघून हसली.

“हे डेलियाला सांगायलाच हवं होतं का, बाई?” पिमने हळूच विचारलं. “फितीचं?”

“पुरावा नव्हता, सार्जंट. तेवढंच होतं हातात.”

“पण म्हाताऱ्यानं का केलं असं? त्याला कुणाची माया नव्हती.”

“मला काय ठाऊक? कुठंतरी हात टेकायला खांदा हवा असेल.” त्या तसबिरीकडे न बघता हातमोजे चढवू लागल्या.

डेलिया दाराशी थांबली. “लंटसाहेब,” ती म्हणाली, “कशी दिसली असती?”

लंटला कारागिरीपलीकडे काही कळत नव्हतं. त्याने फीत उचलली, चित्रातल्या मुलाच्या केसांवर दुमडून धरली आणि मान तिरपी करून न्याहाळली.

“अगदी मुलगीच,” तो समाधानाने म्हणाला. “कुणाला शंकासुद्धा आली नसती.”

डेलियाने शाल काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवली आणि हवालदाराबरोबर गेली.